शब्दचर्चा : बाई ‘आल्या’ की बाई ‘आली’?

गेल्या आठवड्यात माझ्या शाळेतल्या बाई घरी आल्या. मी मुलीला हाक मारली, "अगं ये, बाई आल्या, पाया पड." शेजारच्या भाभी दारातच उभ्या होत्या. त्या भोपाळच्या, नागपुरात येऊन त्यांना वर्षही झालं नाही. त्यांनी विचारलं, "नई बाई रखी क्या? कितना लेती है?" बाईंनी ते ऐकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाभींची चूक नाही. त्यांच्या बोलीत बाई म्हणजे धुणंभांडी करणारी. हिंदीत ‘बाईजी’ म्हटलं की कोठ्यावर गाणारी डोळ्यांपुढे येते. राजस्थानी घरांत मात्र बाई म्हणजे लेक किंवा बहीण. आमच्या इतवारीत मारवाडी आजी नातीला लाडानं ‘बाई’ म्हणते. आपल्याकडे मुक्ताबाई, जनाबाईपासून सावित्रीबाईंपर्यंत हा शब्द नावाला मान देत आला. कितीतरी घरांत तर आईलाच बाई म्हणतात.

नागपूरकरांना बाकाबाई आठवत असतीलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे एक मोठा पुतळा, मिरवत निघते, ती भोसल्यांच्या घराण्यातल्या या राणीच्या निषेधाची, कारण ती इंग्रजांना मिळाली असं लोक सांगतात. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, त्याचा सल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत पुतळा जाळतात, पण तिचं नाव काढताना ‘बाई’ कोणी गाळत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

मग मान नेमका कुठे असतो? मला वाटतं, मराठीत तो बराचसा एका टिंबात असतो. ‘बाईने सांगितलं’ आणि ‘बाईंनी सांगितलं’, ‘बाईला दे’ आणि ‘बाईंना द्या’. शब्द तोच, पण अनुस्वार आला की समोरची व्यक्ती खुर्चीवर बसते. अनेकवचनातही तसंच: बाजारातल्या बायका, शेतावरच्या बाया, पण शाळेतल्या ‘दोन्ही बाई’. त्यांच्या कधी बाया होत नाहीत.

"हाव बाई", "नको बाई", "अगंबाई!" यांतली बाई तर कोणीच नसते. ती आपली जिभेवरची सोबत.

मुलीच्या शाळेत आता सगळ्या ‘मॅडम’ आहेत. त्यामुळे तिच्या कानावर ‘बाई’ पडते ती फक्त कामाच्या संदर्भात, आणि तीही एकेरीत. याचं मला वाईट वाटतं. काही जण ‘मावशी’ म्हणून वाट काढतात, ते चांगलंच आहे. आम्ही घरात एवढंच ठरवलंय की भांड्यांच्या बाईसुद्धा ‘आल्या’ आणि चहा ‘बाईंना’ द्यायचा. पहिले दोन दिवस मुलगी अडखळली, आता तिच्या तोंडी बसलंय.

भंडारा-गोंदियाकडे, झाडीबोलीत, बाई कोणाला म्हणतात? तिकडच्यांनी जरूर सांगा.