'लागा चुनरी में दाग' बद्दल
सिनेमाच्या गाण्यात देव नसतोच, आपणच तो ओढूनताणून शोधतो असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटत. १९६३ च्या 'दिल ही तो है' मधलं 'लागा चुनरी में दाग' घ्या ना, शेवटच्या कडव्यात गीतकार साहिर लुधियानवीने सरळच सांगून टाकलंय की कोरी चुनरी म्हणजे आत्मा, मळ म्हणजे माया, माहेर म्हणजे ते पलीकडचं जग आणि सासर म्हणजे हे जग, मग आपण ओढायचं काय राहिलं? आणि साहिर तर धार्मिकही नव्हता. कबीर त्याच्या 'झीनी चदरिया' भजनात आयुष्याची चादर देवाला जशीच्या तशी परत करतो, इथे मात्र डाग पडलाय आणि बापाला तोंड कसं दाखवू ही घालमेल आहे. मला हीच जास्त जवळची वाटते, कारण आपली बहुतेकांची गत तीच. मन्ना डेंनी भैरवीत गायलेलं हे गाणं एकदा फक्त या कडव्यासाठी ऐका.