पॉलिश केलेल्या पोलादाला लॅकर नको, मेण लावा

मोटरसायकलच्या पॉलिश केलेल्या पोलादी भागांना गंज लागू नये म्हणून वर क्लिअर लॅकर (पारदर्शक वार्निशसारखा थर) मारायचा सल्ला देतात, पण माझा अनुभव उलटा आहे. आरशासारख्या गुळगुळीत पोलादाला लॅकर नीट धरत नाही. एक खडा उडून लागला की तिथून ओल आत शिरते आणि गंज लॅकरच्या खालून कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरतो. मग सगळं खरवडून पहिल्यापासून पॉलिश! माझ्या जुन्या बुलेटच्या किकचं रत्नागिरीच्या एकाच पावसाळ्यात असं झालं. फार जीव तुटला.

तेव्हापासून मेणच. आधी थिनरने पुसून पॉलिशचा चिकटा काढायचा आणि नंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. मग कार्नोबा मेणाचे (झाडाच्या पानांपासून मिळणारं कडक मेण) दोन पातळ हात, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुन्हा. डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे पाणी हटवायला उत्तम, पण थर फार पातळ, त्यावर महिना काढू नका. ब्रेकच्या डिस्कला मात्र यातलं काहीही लागता कामा नये.

इंजिनची अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं तांबूस गंजत नाहीत, खाऱ्या हवेत पांढुरकी पडतात. आणि गाडी ओली असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमटपणा कोंडतो.