पुरुषत्व, पुरुषपण की पुरुषपणा?

दौतटाक: परफॉर्मन्स आर्टच्या एका कार्यक्रमाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय असा, की पुरुष असणं म्हणजे काय हे कलाकार स्वतःच्या अंगावर करून बघतो. मथळ्यात 'पुरुषत्व' लिहिलं आणि घरात हशा पिकला. रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवरचे हकीम आठवले म्हणे! 'मर्दानगी' हिंदी पोस्टरवरची वाटते, 'पौरुष' चिलखत घालूनच येतं. काय लिहू?

रंकाळा: 'पुरुषपण' लिहा की. 2023 साली 'बाईपण भारी देवा' आला तेव्हापासून बाईपण सगळ्यांच्या तोंडी आहे, त्याचाच हा जोडीदार. बाकी मर्द शब्दाला इतकं घाबरू नका. आमच्या कोल्हापुरात मर्दानी खेळात मुली दांडपट्टा फिरवतात, खेळाचं नाव काही कुणी बदललेलं नाही.

कानामात्रा: कलाकार नेमकं करतो काय, त्यावर शब्द ठरेल.

दौतटाक: गोव्यात राहणारे निखिल चोप्रा करतात त्या वळणाचं. त्यांचं 'योगराज चित्रकार' हे पात्र त्यांच्या चित्रकार आजोबांवरून घेतलेलं. जुन्या काळचा कोट-टोपीतला साहेबी थाट, हातात कोळसा, समोर भलंमोठं कापड, त्यावर देखावा काढत राहायचं. मधेच लोकांसमोर जेवायचं, झोपायचं, दाढी करायची, कपडे बदलायचे. होता होता त्या कोटातल्या गृहस्थाची राणीही होते. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात त्यांचा एक प्रयोग सलग 9 दिवस चालला होता.

कानामात्रा: मग माझं मत 'पुरुषपणा'ला. -पण आणि -पणा एकच नव्हेत. शहाणपण असतं, शहाणपणा करतात. 'शहाणपणा करू नकोस' असं आपण पोराला दरडावतो, तिथे 'शहाणपण' चालेल का? मोठेपण अंगी असतं, मोठेपणा मिरवतात. प्रत्येक शब्दाला हे लागू पडत नाही (चांगुलपणा कुणी मिरवत नाही, निदान उघडपणे), पण जोडी असेल तिथे 'पणा'मध्ये बहुतेकदा करणं, दाखवणं येतं. भर लोकांत गालाला साबण फासून वस्तरा फिरवणारा माणूस तेच तर दाखवतोय. दाढी रोज उगवते आणि रोज करावी लागते.

गल्लीबोळ: एवढं लांब कशाला जायचं? तमाशातला नाच्या काय वेगळं करत होता? आणि इथेही शब्दांत पंक्तिभेद बघा. लुगडं नेसून बालगंधर्व उभे राहिले तर ते 'स्त्रीपार्टी'. त्यांची नेसण पुण्या-मुंबईच्या बायकांनी उचलली, 1964 साली पद्मभूषण मिळालं. फडावर तेच करणारा मात्र 'नाच्या', आणि तो शब्द शिवीसारखा वापरायचा. गणपत पाटलांचं 'आत्ता गं बया' ऐकून हसलेले आपणच. 'बायकी' म्हटलं की पुरुषाची चेष्टा. बाईच्या आवाजाला 'पुरुषी' म्हणतात तेही कौतुकाने नाहीच, पण त्याची शिवी होत नाही.

रंकाळा: 'स्त्रीपार्टी'तला 'पार्ट' इंग्रजी हे मला फार उशिरा कळलं. कितीतरी वर्षं मी ती मेजवानी समजत होतो.

दौतटाक: 😀 आणि खुद्द 'परफॉर्मन्स आर्ट'ला काय म्हणू? 'प्रयोगजीवी कला' सुचवलंय कुणीतरी.

कानामात्रा: नको. त्यात नाटक, गाणं, नाच सगळंच येतं, वाचणाऱ्याला तबला-पेटी दिसेल. 'परफॉर्मन्स आर्ट' देवनागरीत तसंच ठेवा आणि पुढे नुसतं 'प्रयोग' म्हणा. आपला 'प्रयोग' नाटकाचाही असतो आणि प्रयोगशाळेतलाही. या कलेला दोन्ही अर्थ हवेतच.

दौतटाक: ठरलं. मथळ्यात 'पुरुषपण', आत वर्णनात 'पुरुषपणा'.

दौतटाक (दोन दिवसांनी): प्रुफं आली. तपासणाऱ्याने 'पुरुषपणा'चा शेवटचा काना सगळीकडे लाल शाईने खोडलाय.