मदत हवी आहे : ऑटिझम असताना स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन

नमस्कार. वय ४३, पुण्यात राहते. मला ऑटिझम आहे. निदान चाळिशीत झालं, तोवर घरात 'तिरसट' एवढंच निदान होतं. डाव्या स्तनातली गाठ काढली, केमो संपत आली, आता रेडिएशन. उपचारांबद्दल तक्रार नाही, सर्जन उत्तम आहेत. अडतंय ते भलतीकडेच.

नर्स विचारते, 'एक ते दहामध्ये किती दुखतंय?' दहा म्हणजे नेमकं काय, हे ठरल्याशिवाय आकडा कसा सांगू? मी विचार करेपर्यंत ती 'दोन' लिहून पुढच्या बेडकडे गेलेली असते. चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणे माझ्या. दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल (केमोचं औषध) चालू होतं तेव्हा डॉक्टर दर वेळी विचारायचे, 'काही त्रास?' मी 'नाही' म्हणायचे. ब्लाउजचे हूक लागत नव्हते, चमचा हातातून निसटत होता. पण त्रास म्हणजे दुखणं, आणि दुखत तर नव्हतं. एका ज्युनिअर डॉक्टरने 'बोटं बधिर होतात का? बटण लावता येतं का?' असं सरळ विचारलं, तेव्हा कुठे कळलं की हा औषधाचाच त्रास आहे, आणि डोस कमी झाला. असे नेमके प्रश्न सगळ्यांना का सुचत नाहीत?

डे-केअरमध्ये टोकनचा टिंग टिंग, टीव्हीवर मालिका, शेजारी कुणाचा तरी व्हिडिओ कॉल. पोर्टमधून (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) सलाइन ढकललं की तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, मी दचकून उभीच राहिले. वर ऐकावं लागलं, 'एवढ्या शिकलेल्या, आणि लहान मुलासारखं काय करता?' वहिनी सोबत असली की सगळे तिच्याशीच बोलतात. पेशंट मी आहे!

तर रेडिएशनबद्दल : खोलीत एकटीने राहायचं, तर माझा आवाज बाहेर ऐकू जातो का? मशीन एमआरआयसारखं ठणठणतं का? किरणांचा नेम धरण्यासाठी अंगावर खुणा करतात, त्यांची शाई मला सहन होणार नाही, दुसरा उपाय आहे का? वेळ रोज एकच मिळते का?

'धीर धरा', 'सकारात्मक राहा' असे प्रतिसाद कृपया नकोत. गोमूत्र तर नकोच.

प्रतिसाद १
ताई, मी रेडिएशन विभागात काम करते. खोलीत कॅमेरा आणि माइक असतो. तुम्ही बोललात की आम्हाला ऐकू येतं, मशीन थांबवून लगेच आत येता येतं. ठणठणाट नाही, गुणगुण आणि मधूनच बझर. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच, जास्त वेळ जातो तुम्हाला नीट झोपवण्यात. त्यात आम्ही अंग किंचित किंचित सरकवतो, हात गार असतात. 'आधी सांगा, मग हात लावा' असं पहिल्याच दिवशी बजावा. खुणा प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला करतात. काही ठिकाणी शाईऐवजी सुईने बारीक कायमचे ठिपके देतात, ते नंतर अंगाला जाणवत नाहीत. स्कॅनच्या आधीच विचारा, खोलीही तेव्हाच बघून घ्या. डावी बाजू आहे, त्यामुळे हृदय लांब राहावं म्हणून श्वास रोखायला सांगू शकतात, एका वेळी साधारण २० सेकंद. हात डोक्यावर ठेवायचा असतो, खांद्याचे व्यायाम सोडू नका.

प्रतिसाद २
वेळेसाठी लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) प्रत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि कलम २५ मध्ये तपासणी-उपचारात प्राधान्याचा उल्लेख आहे. तोंडी सांगितलं तर काउंटरवरचा माणूस 'दिसत तर नाही तसं' म्हणतो, माझ्या मुलाच्या वेळचा अनुभव. ब्रिटनमध्ये असे पेशंट 'हॉस्पिटल पासपोर्ट' नेतात : काय सहन होत नाही, दुखलं तर कसं ओळखायचं, प्रश्न कसे विचारायचे. तुमचे बटण-हुकाचे प्रश्न तसेच त्यात लिहा आणि फाइलला पहिल्या पानावर लावा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. ठिपके चालतील. २० सेकंद कोण मोजतं, मी की मशीन?

प्रतिसाद १
आम्ही. 'श्वास घ्या, रोखा, सोडा' माइकवरून सांगतो. मनात मोजायचे तर मोजा, पण आम्ही सांगेपर्यंत सोडू नका. नाहीच जमलं तर सोडा, किरण बंद करतो आणि पुन्हा घेतो.