‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’?

प्रश्न:
परदेशी पुरवठादाराच्या बिलात वाहतूकखर्च दोनदा धरला असावा असे वाटल्यामुळे मी त्यांना ‘आय डाउट दॅट द बिल इज राँग’ असे लिहिले. बिल बरोबर असल्याचे मला मान्य आहे, असा अर्थ काढून त्यांनी आभार मानले आणि पैसे कधी पाठवणार, असे विचारले! बिल चुकल्याची शंका मला होतीच, मग ‘डाउट’ चुकीचे कसे ठरले?

प्रतिसाद १:
मराठीतली ‘शंका’ स्वतः कोणत्याही बाजूला झुकत नाही. ‘बिल चुकले असावे अशी शंका आहे’ म्हटले की चूक झाली असे आपण धरून चालतो. ‘तो येईल की नाही, शंकाच आहे’ म्हटले की तो बहुधा येणार नाही, असे ऐकणाऱ्याला कळते. हे काम ‘असावे’ आणि ‘की नाही’ करतात. इंग्रजीत मात्र हा कल क्रियापदातच असतो. ‘डाउट’पुढचे विधान बोलणाऱ्याला खरे वाटत नसते, तर ‘सस्पेक्ट’पुढचे बहुधा खरे वाटत असते. म्हणून लिहिण्यापूर्वी त्या जागी ‘मला नाही वाटत’ बसते की ‘मला वाटते, बहुधा’ बसते, हे पाहावे. तुमच्या वाक्यात दुसरे बसते, म्हणजे ‘सस्पेक्ट’च हवे होते.

प्रतिसाद २:
पूर्वी इंग्रजीतही ही सीमा इतकी पक्की नव्हती. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला घातपाताचा संशय येतो, तेव्हा तो ‘डाउट’च म्हणतो. त्यामुळे आपल्याकडची ही सवय निव्वळ अडाणीपणाची आहे, असे मी मानत नाही. पण आजचा इंग्रज वाचक तो अर्थ घेणार नाही, हे खरे. आपल्या वर्गात ‘सर, एक डाउट आहे’ म्हणतात, तिथेही त्याला ‘क्वेश्चन’ अपेक्षित असतो.
व्यक्तीबद्दल लिहिताना अधिक जपावे. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही; ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे हे त्यानेच केले असावे, आणि हा सरळ आरोप आहे.

प्रश्नकर्ती:
मग पुरवठादाराला ‘सस्पेक्ट’ लिहिले, तर तोही आरोप वाटेल का?

प्रतिसाद १:
‘आय सस्पेक्ट देअर इज अ मिस्टेक’ यात संशय चूक झाल्याचा आहे, माणसावर नाही, त्यामुळे ते चालते. तरीही पैशांच्या पत्रात मी ‘आय थिंक’ लिहीन आणि दोनदा धरलेल्या खर्चाच्या दोन्ही ओळी खाली उतरवून देईन.