'बसएवढी जेलीफिश' असं म्हणावं का?

नीरजा_पुणे
खोल समुद्रातल्या जायंट फँटम जेलीची (स्टायजिओमेड्युसा जायजँटिया) बातमी आली की मथळा ठरलेला: 'स्कूल बसएवढी महाकाय जेलीफिश'. मला हे वर्णन चुकीचं वाटतं. चालायचंच म्हणून सोडून द्यावं इतकी किरकोळ चूक नाही ही.

तिचं छत्र मीटरभर रुंद, किंवा थोडं जास्त. पावसाळ्यात आपण उघडतो त्या मोठ्या छत्रीएवढं. त्याखाली तोंडापासून चार लांबलचक पट्ट्या लोंबतात, शास्त्रज्ञ त्यांना मुखबाहू म्हणतात. या पट्ट्या १० मीटरच्या वर जाऊ शकतात. म्हणजे बसशी बरोबरी होते ती फक्त पट्ट्यांच्या लांबीची. पण 'बसएवढी' वाचलं की डोळ्यांसमोर पन्नास माणसं पोटात मावतील असं अगडबंब धूड येतं.

रविवारी आजीची नऊवारी काढली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून उलगडत गेले, लेकीने दुसरं टोक धरलं होतं. हॉल संपला, उंबरा ओलांडला, लेक जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन थांबली. जेलीची एक पट्टी याहूनही चार हात लांब, आणि अशा चार. मग साडीची घडी घातली तर ती काखेत मावली. जेली नेमकी अशी आहे: लांब, पातळ, वाऱ्यावर सोडलेल्या पदरासारखी. 'बस' या शब्दात यातलं काहीच येत नाही.

बाई_सहावी_अ
असहमत. मी विज्ञान शिकवते. '१० मीटर' म्हटलं की मुलं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. 'बस' म्हटलं की वर्ग जागा होतो. एकाने लगेच विचारलं, "बाई, मग ती आपल्या गावच्या तळ्यात मावेल का?" हा प्रश्न आकड्यातून आला नसता. आधी कुतूहल जागं होऊ दे, दुरुस्ती नंतर करता येते. 'डोंगराएवढं काम' म्हणताना आपण कुठे डोंगर मोजतो? नऊवारीची कल्पना सुंदर आहे, पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींनीही नऊवारी उलगडलेली पाहिली नसेल. बस रोज दारावरून जाते.

दर्याकाठ
नीरजाताईंशी सहमत. आमच्याकडे समुद्राची खोली वावेत सांगतात. दोन्ही हात फैलावले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. आजोबा ओली दोरी छातीवरून सरकवत मोजायचे आणि प्रत्येक वावेला आकडा मोठ्याने म्हणायचे. तोंडाने मोजणी चालू असताना मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती. विहीर 'दोन पुरुष खोल' म्हणतो तेही तसंच. ही मापं एकाच दिशेची असतात. वाव म्हटल्यावर कुणाला जाडी वाटणार नाही. ही पट्टी साडेपाच वाव भरेल. बस मात्र लांबी, रुंदी, उंची सगळं एकदम अंगावर आणते.

मोजपट्टी
दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताहेत, की १० मीटर हा पक्का आकडा आहे. ही जेली पहिल्यांदा हाती लागली १८९९ मध्ये. त्यानंतर सव्वाशे वर्षांत शंभरेक वेळाच दिसली. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये ९९० मीटर खोलीवर तिचं चित्रण केलं, तोवर त्यांच्या दूरनियंत्रित पाणबुड्यांना हजारो बुड्यांत ती फक्त नऊ वेळा भेटली होती. जाळ्यात आली तर तिच्या चिंध्या होतात, त्यामुळे मोजायची ती पाण्यातच. पाणबुडी ठराविक अंतराचे दोन समांतर लेझर ठिपके टाकते, त्यावरून अंदाज घेतात. पट्टी कॅमेऱ्याच्या दिशेने वळलेली असली की आखूड दिसते. छत्रही ताणलं जातं. मग कुठल्या क्षणाची लांबी खरी?

सिंहाच्या आयाळीसारख्या तंतूंची लायन्स मेन जेली घ्या. तिचे १२० फूट, म्हणजे साडेछत्तीस मीटर लांब तंतू अलेक्झांडर अगासीझ यांनी १८६५ मध्ये नोंदवले. ती नोंद मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या एकाच जेलीची. आजही 'निळ्या देवमाशापेक्षा लांब' हे वाक्य त्याच एका नोंदीवर उभं आहे. माझं म्हणणं एवढंच: तुलना कुठलीही करा, पण 'जास्तीत जास्त' हा शब्द गाळू नका. तो गाळला की सर्वात मोठीचं माप सगळ्यांचं होतं.

नीरजा_पुणे
'जास्तीत जास्त' मान्य, माझ्याही पोस्टमध्ये ते ठळक हवं होतं. बाई, कुतूहलाचं तुमचं म्हणणंही पटतं. पण त्या मुलाचा प्रश्न पुन्हा बघा. मावेल का, असं त्याने विचारलं. त्याच्या मनात बसचं आकारमान शिरलं म्हणूनच ना? 'बसइतक्या लांब पट्ट्या' म्हणा, माझी काही हरकत नाही. तिच्या छत्राखाली थॅलासोबाथिया पेलाजिका नावाचा मासा आसऱ्याला राहतो. भोवती आडोसा नसलेल्या त्या पाण्यात त्याला ही मीटरभर छत्री पुरते. मला तिचा मोठेपणा तिथे जास्त कळतो.

बाई_सहावी_अ
माशाचं उदाहरण वर्गात घेईन, ते मनापासून आवडलं. पण पहिलं वाक्य माझं बसचंच राहील. 'लांब' हा शब्द त्यात घालते. आणि त्या मुलाला उत्तर द्यायचं राहिलंय. आमचं तळं वीसेक फूट खोल आहे. उभी लोंबली तर तिच्या पट्ट्या गाळात टेकतील. उद्या तळ्याकाठी नेऊनच दाखवते.