पावसाळ्यात वळलेली कार्डं आणि हरवलेला अनुस्वार

कोकमवाली, गुहागर

नमस्कार मंडळी. आमचं आगळ (कोकमाचा रस), आमसुलं, फणसपोळी, आंबावडी असं घरगुती दुकान आहे, शिवाय मागच्या पडवीला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या. गेल्या जूनमध्ये शहरातल्या एका प्रेसमधून हजार व्हिजिटिंग कार्डं करून घेतली. पुढून मॅट लॅमिनेशन, नावावर सोनेरी फॉइल. मागची बाजू कोरी ठेवली, कारण गिऱ्हाइकाला मी तिथे भाव लिहून देते. आली तेव्हा देखणी होती. गणपतीपर्यंत सगळी कौलासारखी वळली आणि कोपऱ्यांवरचं प्लास्टिक सुटायला लागलं. जिवाला लागलं ते वेगळंच. 'आंबावडी'वरचा अनुस्वार निम्म्या कार्डांवर उमटलाच नव्हता. सासूबाई चष्मा लावून 'आबावडी' झालेली कार्डं बाजूला काढत बसल्या होत्या.

लेटरहेडवर त्यांनी हाताला लागतील अशी उठावाची अक्षरं करून दिली. सीएंच्या ऑफिसात लेझर प्रिंटरमधून कागद काढला तर दुकानाचं नाव फरफटत खालपर्यंत आलं. आता जीएसटीची बिलबुकंही छापायची आहेत. पैसे परत घालायचे तर आपल्या हवेत टिकेल असं काय करावं?

ट्रेडलवाला, सावंतवाडी

ताई, ३१ वर्षं या धंद्यात आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कार्ड वळण्याचं कारण तुमच्या कोऱ्या मागच्या बाजूत आहे. कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, प्लास्टिकची फिल्म पीत नाही. पुढची बाजू फिल्मने जखडलेली, मागची मोकळी. मागची फुगली की कार्ड फिल्मच्या बाजूला वळणारच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की साधी वहीसुद्धा जाड होते. एका बाजूचं लॅमिनेशन कोकणात करूच नये, मी गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणतो.

कोपरे सुटले त्याचं कारण बहुधा घाई. ऑफसेट छपाईची शाई हवेतल्या प्राणवायूने सुकते, आणि पावसात ते काम फार रेंगाळतं. शाई कच्ची असताना फिल्म चढवली की ती कागदाला न चिकटता शाईच्या थरालाच चिकटते आणि तिथूनच सुटते. शिवाय ओले कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मशीनवर पावडर मारतात. गडद रंगावर ती जास्त झाली की फिल्मखाली रुपेरी ठिपके दिसतात. तुमच्या कार्डावर गडद पट्टा असेल तर उजेडात तिरपं धरून बघा.

मग दोन्ही बाजूंना लॅमिनेशन? कार्ड सरळ राहील, पण तुमचं पेन त्यावर धड उठणार नाही, बोट फिरलं की भाव पुसला. म्हणून तुम्हाला माझा सल्ला आहे की लॅमिनेशन करूच नका. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) चांगला, बिनचकाकीचा कागद घ्या आणि दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा. तो पाणी पिईल, पण दोन्हीकडून सारखंच पिईल, म्हणून सरळ राहील. आमच्या सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते बघा. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून पुठ्ठा करायचा, रंगवायचा आणि पुढून मागून लाखेचा हात द्यायचा. दशावतारी गंजिफात असे १२० गोल पत्ते असतात, खेळताना ते सरळच राहायला हवेत. दोन्ही बाजूंना सारखी वागणूक द्यायची, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

आता अनुस्वार. फॉइल म्हणजे धातूचा ब्लॉक तापवून पन्नीवर दाबायचा. ब्लॉकवर अक्षर जितकं बारीक तितका दाब आणि उष्णता नेमकी लागते. दाब कमी पडला की सुटं टिंब पहिलं जातं. जास्त झाला की 'ळ'चे डोळे आणि 'क'चं पोट बुजतं. इंग्रजी अक्षरांना हा त्रास कमी. आपल्याला शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार सांभाळावे लागतात. मी फॉइलसाठी अनुस्वार मुद्दाम थोडा मोठा करून घेतो आणि शिरोरेषेपासून जरा उचलतो. डोळ्याला कळत नाही, पण मशीनला सोपं जातं. सोनं हवंच असेल तर एखादं चित्र फॉइलमध्ये करा, कोकमाचं फळ म्हणा. नाव शाईतच राहू दे.

मजकूर व्हॉट्सॅपवर पाठवलात तर प्रूफ डोळ्यांत तेल घालून वाचा. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुन्या पद्धतीचे फॉन्ट आहेत. युनिकोडमधला, म्हणजे फोनवर टाइप केलेला, मजकूर तिथे चिकटवला की वेलांटी भलत्या अक्षरावर जाते, 'ऱ्या'चा 'र्या' होतो. 'किनाऱ्यावर' हा शब्द नीट आला तर बाकीचं बहुतेक बरोबर असतं.

पाणबुडी, मालवण

ताईनु, माझो स्कूबाचो धंदो. पर्यटक भिजल्या हातान कार्ड घेतत, कागद टिकाचो नाय. मी न फाटणाऱ्या प्लास्टिक शीटवर छापून घेतलंय, पाण्यात पडला तरी कायएक होणा नाय. पण त्येच्यार पेन चलणा नाय, मार्कर लागता.

कोकमवाली, गुहागर

मालवणकर, आमचे हातही आगळाने ओलेच असतात, पण भाव लिहिणं सुटत नाही, म्हणून कागदच बरा. ट्रेडलवाले काका, लेटरहेड आणि बिलबुकाचंही सांगाल का? आणि आगळाचा लाल रंग फोनवर जसा दिसतो तसा छापून मिळतो का?

ट्रेडलवाला, सावंतवाडी

लेटरहेडवर उठाव करताना ओल्या शाईवर राळेची पूड टाकून ती तापवतात, मग ती फुगते. लेझर प्रिंटरही टोनर वितळवायला कागद तापवतोच, १८० अंशांच्या आसपास. त्यात ती राळ पुन्हा वितळली. लेझरमध्ये जाणाऱ्या कागदावर उठाव, फॉइल काही नको. १०० जीएसएम बाँड, साधी ऑफसेट, आणि शाई पुरती सुकल्याशिवाय गठ्ठा बांधायचा नाही.

फोनचा लाल उजेडाचा असतो, कागदाचा शाईचा. चार रंगांच्या ठिपक्यांतून आगळाचा लाल मळकट होतो. तो एकच रंग खास कालवून घ्या. मी स्वतः आगळाचा थेंब कागदावर सोडून शेजारी शाई जुळवतो. कार्ड, लेटरहेड, बिल तिन्हीला तोच वापरा, कागद मात्र सगळा बिनचकाकीचा हवा, नाहीतर तीच शाई प्रत्येकावर वेगळी दिसेल.

बिलबुक माझ्या आवडीचं काम आहे. मालाच्या बिलाला तीन प्रती लागतात, खोल्यांच्या, म्हणजे सेवेच्या बिलाला दोन. म्हणून दोन वेगळी बुकं करा आणि नंबरांच्या मालिकाही वेगळ्या ठेवा. नंबर आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि अक्षर-आकडे मिळून १६च्या पुढे जाऊ नये. कार्बनलेस कागद घेतलात तर तो दाबानेच उमटतो, त्यामुळे जड गठ्ठ्याखाली ठेवू नका. नंबर घालायला आणि फाडायची टिंबरेघ मारायला मी अजून ट्रेडलच, म्हणजे ठसा दाबून छापणारं जुनं यंत्रच वापरतो. प्रत्येक दाबाला नंबरिंगचं चाक 'टक' करून एक आकडा पुढे जातं. तो आवाज चुकला की बघायच्या आधी हात थांबतो.

प्रूफवर जीएसटी नंबरातली १५ अक्षरं-आकडे आणि खाद्य परवान्याचे १४ आकडे बोट ठेवून मोजा. छपाई एप्रिल-मेमध्येच उरका. कागदाचे तीन नमुने उद्याच्या एसटीने पाठवतो. आठवडाभर मोरीजवळच्या फळीवर ठेवून बघा आणि मग सांगा, कोणता सरळ राहिला.